वापरलेला आवाज

पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बी' हे आता विशेषनाम राहिलेले नाही. मूळ नाव एका परदेशी कंपनीचे. पण मिरवणुकीपुढे ट्रॅक्टरवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला लोक सरसकट डॉल्बी म्हणतात. त्या भिंतीत त्या कंपनीचे काही असावेच लागते असे नाही. फुंकून वाजवायच्या कर्ण्याचे नावही असेच पुढे देवळावरच्या पत्र्याच्या भोंग्याला मिळाले. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे शिकवताना आम्ही दोघे वर्षानुवर्षे डॉल्बीचे उदाहरण देत आलो. वर्ग हसतो, आम्हीही हसतो. मात्र गणपतीच्या दिवसांत हसू मावळते. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतून तक्रारीचा अर्ज गेला, त्याचा मसुदा आमचाच होता. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालणाऱ्या २००० सालच्या नियमांचा दाखला त्यात होता, आणि 'सांस्कृतिक अधःपात' हा आमच्या आवडीचा शब्दही होता. अर्जाबद्दल आजही पश्चात्ताप नाही. त्या शब्दाबद्दल मात्र आहे, आणि अर्जात जे लिहिले गेले नाही त्याबद्दल अधिक आहे.

निमित्त झाले ते आमच्या एका विद्यार्थ्याचे. एम. ए.ला मराठी घेतलेला हा मुलगा सोमवारच्या तासांना डुलक्या काढतो, याचे कारण आम्हाला उशिरा कळले. शनिवार-रविवार तो हळदी, बारशी, वाढदिवस अशा घरगुती समारंभांत डीजे म्हणून जात असे, दुसऱ्याचे साहित्य भाड्याने घेऊन. आजोबा हलगी वाजवत, वडील बँडपथकात ट्रम्पेट. वाजवणे घरातलेच होते, फक्त वाद्य बदलले होते. मिळकतीचा निम्मा भाग भाड्यात जाई. म्हणून त्याला स्वतःची जोडी घ्यायची होती, अर्थातच जुनी. २०२२ सालच्या मार्गशीर्षात तो घरी आला आणि म्हणाला, "सर, मॅडम, दहा हजार कमी पडतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही बरोबर या. जुना माल घेताना आपले दोनच कान पुरत नाहीत."

ज्यांनी तक्रारीचे अर्ज लिहिले त्यांनीच आता स्पीकर पारखायला जायचे. आम्ही गेलो.

वाटेत त्याने आमची शिकवणी घेतली. त्याला हवे होते ते 'पॉवर्ड' स्पीकर, म्हणजे ज्यांच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. वेगळे जड खोके वाहायला नको, वायरींचे जंजाळ कमी, रिक्षाटेंपोत सगळे मावते. पंधरा इंची न घेता बारा इंची घ्यायचे, कारण दीड-दोनशे माणसांना ते पुरतात आणि एकट्याला उचलता येतात. पेटीवर छापलेल्या वॉटवर भुलायचे नाही. तो बहुधा क्षणिक शिखराचा आकडा असतो. सलग किती शक्ती मिळते हे मागच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते. शिवाय वॉट दुप्पट केले तरी पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गळतात. "म्हणून वॉट वाढवण्यापेक्षा स्पीकर उंच स्टँडवर आणि माणसांजवळ ठेवायचा," तो म्हणाला. परीक्षणांत एका विशेषणाने भागत नाही म्हणून तीन वापरणाऱ्या आम्हा समीक्षकांना हे गणित कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. असो.

विकणारे गृहस्थ कऱ्हाडजवळचे, साठी ओलांडलेले, जुने मंडप-साउंडवाले. २०२०च्या मे महिन्यात लग्नांना ५० माणसांची मर्यादा आली, पुढच्या एप्रिलमध्ये ती राज्यात २५वर आली. त्या दोन हंगामांत धंदा बसला तो त्यांच्यापुरता उठलाच नाही. गोदामात दुमडलेल्या कनाती होत्या, आणि चादरीखाली झाकलेली ही जोडी. जोडीचे ते बत्तीस हजार म्हणत होते.

मुलाने घाई केली नाही. दोन्ही पेट्यांचे क्रमांक जुळतात का ते पाहिले. स्क्रूंच्या डोक्यावरचा रंग उडाला आहे का, म्हणजे आत कोणाचा हात गेला आहे का, ते पाहिले. जाळी काढून, वीज बंद असताना, पडद्यावर दोन्ही तळहात ठेवून तो हलकेच दाबला. आत खरखर लागली तर वेटोळे घासते आहे असे समजायचे. पेटीला नाक लावून जळका वास येतो का तेही हुंगले. मग खिशातून मोबाइल काढला आणि वायर जोडली. आम्हाला वाटले, आता गाणे लागणार. लागला तो आमच्यापैकी एकीचा आवाज. वर्गात ध्वनिमुद्रित केलेला तास त्याने लावला होता. "माणसाचा आवाज कानाच्या सवयीचा असतो, त्यात खोट लगेच कळते," असे त्याचे म्हणणे.

तास होता मराठीतल्या च-वर्गाच्या दुहेरी उच्चारांचा. 'तो घरी जात आहे' यातला दंततालव्य ज, आणि 'जात' म्हणजे कास्ट यातला तालव्य ज. लिहिताना एकच अक्षर, कानाला दोन. डाव्या पेटीतून हे दोन्ही ज स्पष्ट वेगळे ऐकू आले. वायर उजवीला लावली, आणि जाणे कोणते आणि जात कोणती हे कळेनासे झाले. 'शब्द'मधला श तर भरड्या ओठांचा वाटू लागला. आमचाच आवाज, पण उशीखालून यावा तसा. वरच्या पट्टीचे काम करणारा हॉर्नमधला पडदा जळला होता. घर्षणाचे सगळे ध्वनी त्याच्याबरोबर गेले होते.

"काका, उजव्याचा हॉर्न गेलाय," मुलगा म्हणाला.

"न्हाई बा. दोन्ही सारखंच वाजत्यात की."

त्याने पुन्हा लावून दाखवले. एकदा डावा, एकदा उजवा. काकांनी मान तिरपी करून मन लावून ऐकले आणि पुन्हा तेच म्हणाले. आधी आम्हाला वाटले, हा व्यवहारातला निगरगट्टपणा. मुलाच्या ध्यानात आले ते आमच्या आले नव्हते. त्याने आवाज बंद केला, त्यांच्यापासून चार पावले मागे जाऊन हळू आवाजात काहीतरी विचारले. काकांनी "काय?" म्हणून हाताचा पंजा कानामागे धरला.

ते खोटे बोलत नव्हते. गोंगाटाने कान जातो तेव्हा तो बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच ध्वनींपासून जायला लागतो, आणि गेलेला परत येत नाही. पेटीतला पडदा आणि काकांचा कान एकाच ठिकाणी, एकाच कामात झिजले होते. पडदा बदलता येतो.

मुलाने घासाघीस केली नाही. पडद्याचा आणि मजुरीचा खर्च सांगितला, काकांनी तेवढे कमी केले, आमचे दहा हजार त्यात पडले. ते त्याने पुढच्या लग्नसराईअखेर फेडलेही. निघताना त्याने काकांना कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले. काका हसून म्हणाले, "आता काय ऐकायचं राहिलंय?" परतीच्या वाटेवर त्याने औषधांच्या दुकानातून कानात घालायचे फोमचे बोळे घेतले. दोन जोड्या, एक मदतनिसासाठी.

आमच्या त्या अर्जात वृद्ध होते, रुग्ण होते, परीक्षेला बसलेली मुले होती. ते सारे खरेच होते. फक्त त्या भिंतीला पाठ लावून रात्रभर उभ्या राहणाऱ्या पोरांचे कान त्यात कुठेही नव्हते. ती आमच्या लेखी आवाजाची कारणे होती; तो सोसणारी माणसे नव्हती.

दुहेरी उच्चारांचा तो तास आम्ही दरवर्षी घेतो. 'जात' आणि 'जात' म्हणून दाखवतो, आणि शेवटच्या बाकाला विचारतो, फरक ऐकू आला का. पूर्वी उत्तराची वाट न पाहता पुढे जात असू.