कुंपणाआतली श्रद्धा

युगान्ताची भीती मानवाइतकीच जुनी आहे. दुष्काळ पडला, साथ आली, युद्ध पेटले की कोणीतरी उठतो आणि शेवटचा दिवस जवळ आल्याचे सांगू लागतो. त्याच्यामागे गेलेल्यांची वाताहत झाल्याचे वाचले की आपण हळहळतो आणि मनाशी म्हणतो, ‘ती माणसे भोळी, अडाणी, आपल्या बाबतीत असे घडणे नाही.’ युगांडातील कानुंगूची हकिकत वाचताना मात्र आमचे हे समाधान टिकत नाही. कारण तेथे जळून गेलेली माणसे बहुतांशी आपल्यासारखीच होती. ती कॅथलिक होती, जपमाळ म्हणणारी, उपवास पाळणारी होती.

१७ मार्च २००० हा प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार होता. त्या दिवशी कानुंगूतील एका पंथाच्या प्रार्थनागृहाची दारे-खिडक्या खिळे ठोकून बंद करण्यात आली आणि आत आग भडकली. पाचशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले मृत्युमुखी पडली. ही सामुदायिक आत्महत्या असावी, असे प्रथम सर्वांना वाटले. परंतु पुढील काही आठवड्यांत त्या पंथाच्या इतर ठिकाणी, जमिनीखाली पुरलेली शेकडो प्रेते सापडली. मृतांची संख्या सातशेच्या पुढे गेली. हे हत्याकांड होते, हे मग स्पष्ट झाले. पुढाऱ्यांविरुद्ध अटकेचे हुकूम निघाले, पण शिक्षा कोणालाही झाली नाही.

‘देवाच्या दहा आज्ञांच्या पुनःस्थापनेची चळवळ’ असे त्या पंथाचे नाव. क्रेडोनिया म्वेरिंदे ही पूर्वी केळ्यांची दारू विकणारी स्त्री. आपणांस मरियामातेचे दर्शन घडते असे ती सांगे. १९८९ साली तिची गाठ जोसेफ किब्वेतेरे याच्याशी पडली. तो जमीनजुमला असलेला, शिक्षणक्षेत्रात वावरलेला प्रतिष्ठित कॅथलिक गृहस्थ होता. पुढे डॉमिनिक कातारिबाबो हा धर्मगुरूही त्यांना मिळाला. अमेरिकेत लॉस एंजलिस येथे त्याचे उच्च शिक्षण झाले होते. तेव्हा अज्ञान हे या शोकांतिकेचे कारण मानता येत नाही.

ज्या भूमीत हे बी रुजले, तीही पाहावी. १९७१ ते १९७९ ही इदी अमीनची राजवट, तिच्यामागून आलेली यादवी आणि त्यावर एड्सची साथ. घरोघरी अंत्यविधी चालू होते. ज्याने आपल्या हातांनी आपली मुले पुरली, त्याला जगाचा अंत जवळ आला हे पटवून द्यावे लागत नाही. त्याला कोणीतरी जवळ घेतले, तरी तेवढे पुरते.

पहिल्या दिवशी कोणी कोणाचे प्राण मागितले नाहीत. प्रथम मागितला तो उपवास. मग मौन: खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मोडू नये म्हणून बोलणेच सोडावे, हाताच्या खुणांनी व्यवहार करावा. मग विवाहितांनाही ब्रह्मचर्य. मग घरदार, जमीन विकून आलेला पैसा चळवळीच्या स्वाधीन. स्त्रिया व पुरुष वेगळे राहत, मुले आईवडिलांपासून दूर.

यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती आपल्या परंपरेला परकी नाही. मौन, उपवास, ब्रह्मचर्य, दान हे सारे आपल्या मठांतही आहे. परंतु मठात शिरणाऱ्याला अखेरचे व्रत घेण्यापूर्वी काही वर्षे विचारासाठी मिळतात, वरिष्ठांवरही वरिष्ठ असतात आणि त्या काळात परत फिरावेसे वाटले तर फाटक उघडे असते. कानुंगूत मौनामुळे शेजाऱ्याला आपली शंका सांगता येईना. घर विकल्यामुळे परतायला जागा उरली नाही. नवरा, बायको, मुले वेगळी झाल्यामुळे ‘चल, निघू या’ असे म्हणणारे कोणी जवळ राहिले नाही. कुंपण असे उभे राहिले, आणि त्याची एकेक काठी पुण्याच्या नावाने रोवली गेली.

३१ डिसेंबर १९९९ रोजी जग संपेल, असे त्यांना सांगितले होते. नव्या वर्षाचा सूर्य उगवला. तेव्हा काही जणांनी आपली मालमत्ता परत मागितली आणि पुढाऱ्यांनी नवी तारीख दिली. परत मागणाऱ्यांची ही कुजबुजच हत्याकांडाचे कारण ठरली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. भाकीत खोटे ठरल्यावर पुढाऱ्याला उरते ती आपल्याच माणसांच्या प्रश्नांची भीती.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. २०२३ साली केनियातील शाकाहोला जंगलात चारशेहून अधिक प्रेते उकरून काढण्यात आली. उपाशी मेल्याने येशूची भेट होते, अशी शिकवण दिल्याचा आरोप तेथील एका प्रवचनकारावर आहे.

कानुंगूच्या शेजारच्या देशात, रवांडातील किबेहो येथे, १९८१ पासून काही शाळकरी मुलींनी मरियामातेचे दर्शन झाल्याचे सांगितले होते. ख्रिस्तसभेने त्याची चौकशी केली, प्रश्न विचारले, वाट पाहिली. आणि २००१ साली, म्हणजे वीस वर्षांनी, तेथील बिशपांनी ते दर्शन मान्य केले. हा उशीर काहींना थंडपणा वाटतो. आम्हांला ती माया वाटते. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांबाबत नवे नियम काढले. दैवी अनुभवाचा दावा करून माणसांवर सत्ता गाजवणे हे विशेष गंभीर पाप समजावे, असे त्यांत बजावले आहे.

प्रभू येशूने तर मत्तयच्या शुभवर्तमानात तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नसल्याचे सांगून ठेवले आहे. थेस्सलनीकातील भाविक युगान्ताच्या वार्तेने गडबडले, तेव्हा संत पौलाने त्यांना शांत केले आणि कामधाम सोडून बसलेल्यांना स्वतःची भाकरी कमवून खायला सांगितले.

आमच्या नात्यातील एका मावशींना वैधव्यानंतर एका प्रार्थनागटाने जवळ केले. त्या माणसांनी प्रथम खरोखर माया केली. जेवण आणले, रात्री सोबत केली. पुढे ‘दिवस थोडे उरले’ असे ऐकू येऊ लागले. मावशींच्या पाटल्या गेल्या, रविवारची मिस्सा सुटली, विवाहित मुलगी ‘अंधारातली’ ठरली. घरात काहींचे मत पडले की आता संबंध तोडावेत. पण आमच्या थोरल्या काकांनी वेगळेच ठरवले. वाद घालायचा नाही. दर रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्यापैकी एकाने डबा घेऊन जायचे. कित्येकदा मावशी खिडकीतूनच डबा घेत आणि बोलत नसत. सव्वा वर्षाने, २ नोव्हेंबरला, त्यांनी निरोप धाडला: यजमानांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची आहे, कोणी सोबत येईल का? पाटल्या परत आल्या नाहीत, परंतु त्या दिवसापासून मावशी परत आल्या. त्यांना त्या वर्षात आपण मूर्ख ठरवले असते, तर तो निरोप त्यांनी कोणाकडे धाडला असता, असा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

म्हणून आपल्या मुलाबाळांना युगान्ताच्या तारखा खोट्या असतात एवढेच शिकवून भागणार नाही. कोणत्याही प्रार्थनेच्या जागी त्यांनी शांतपणे काही गोष्टी पाहाव्यात. येथे प्रश्न विचारला तर लोक उत्तर देतात की घाबरवतात? पैशाचा हिशेब दाखवतात का? आईवडील, भावंडे, धर्मग्राम यांच्याशी असलेले नाते येथे येऊन घट्ट होते की तुटते? आणि उद्या येणे थांबवले, तर आपल्याला सुखाने जाऊ देतील का?

दर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना प्रभू पुन्हा येणार ही आपली आशा आपण मोठ्याने उच्चारतो. त्यानंतर घरी जातो, चूल पेटवतो, आजाऱ्याची विचारपूस करतो, सोमवारच्या कामाची तयारी करतो. त्याची वाट पाहण्याची आपल्या वाडवडिलांची रीत हीच होती, आणि तिला तारखेची गरज कधी पडली नाही.