पाय न टेकता

मालवणचा किनारा आणि कुरटे बेट यांच्या मधले पाणी एक किलोमीटरही रुंद नाही, तरी ते डोळे झाकून ओलांडावे असे कधीच नव्हते. पाण्याखाली दडलेल्या खडकांमधून वाट कुठून जाते हे ज्याला ठाऊक, त्याच्याच होड्या तिथून सुखरूप ये-जा करत आल्या. १६६४ साली शिवाजी महाराजांनी या बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले, तेव्हा या खडकांचा हिशेब त्यांच्या मनात होताच, कारण परक्या गलबताचा तळ फोडू शकणारी ही आयती तटबंदी बांधकामाच्या खर्चाशिवाय मिळत होती. त्याच खडकांचा आधार घेऊन इथे प्रवाळ वाढले. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो मऊ अंगाच्या इवल्या प्राण्यांची वसाहत असतो. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना वेगळा काढून स्वतःभोवती घर रचतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरे एकावर एक चढत गेली की त्यांचा घुमट किंवा थाळा तयार होतो. १९८७ साली या भागातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि त्यानंतरच्या काळात ज्या पाण्यापासून शत्रूने दूर राहावे अशी योजना होती, त्याच पाण्यात उतरण्यासाठी लोक पैसे देऊन रांगा लावू लागले.

सकाळी कयाक वल्हवत निघावे, खडकांपाशी थांबून मास्क लावून पाण्यात तोंड घालावे आणि दुपारपर्यंत परतावे, असे या सहलीचे साधारण स्वरूप असते. तिच्या जाहिरातीत साहस हा शब्द हटकून येतो, पण सहलीत साहसाचा वाटा थोडा आणि संयमाचा फार, असे जवळून पाहणाऱ्याच्या लक्षात येते. जमिनीवर वाढलेल्या शरीराला पाय रोवून उभे राहण्याची, वस्तू हातात घेऊन पाहण्याची आणि गडबडीत भराभर श्वास घेण्याची सवय असते. या सवयी सोडाव्या लागतात, त्याही काही तासांत, आणि सोबतच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून.

या माणसाचे काम किनाऱ्यावरच, किंबहुना आदल्या दिवशीच, सुरू झालेले असते. भरतीची वेळ आता मोबाइलवर दिसते, पण कोकणात तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीचा ढोबळ तास काढण्याची रीत जुनी आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते, म्हणून हे गणित जमते. बंदरागणिक ते थोडे मागेपुढे होते, इतकेच. तासापेक्षाही महत्त्वाचा असतो भरतीचा जोर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन पाणी फार चढते आणि फार उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ विभागली जाऊन चढउतार मंदावतो, तो भांग. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात धावतात आणि तळाची वाळू उचलून पाणी गढूळ करतात, त्यामुळे जाणता मार्गदर्शक पाहुण्याला शक्यतो भांगाच्या दिवसांत बोलावतो. पाहुणा मात्र आपल्या रजेच्या दिवशी येतो, आणि शनिवार-रविवारला तिथीचे सोयरसुतक नसते.

वाऱ्याचे गणित याहून फसवे आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दिवस चढला की जमीन तापते आणि वारा उलटा फिरून समुद्राकडून येऊ लागतो; हा खारा वारा. खाऱ्या वाऱ्याने लाटा उठतात, कयाक हेलकावते, नवखा माणूस घाबरतो. तरीही हा वारा त्याला किनाऱ्याकडेच ढकलत असतो. मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे सपाट असते, वल्हवणे सोपे वाटते, वेग आपल्या बाहूंचा आहे असा समज होतो, आणि मागे वळून पाहिले की किनारा अपेक्षेपेक्षा फार लांब गेलेला असतो. म्हणूनच सकाळच्या वेळी अनुभवी मार्गदर्शक गटाच्या पुढे न राहता खोल समुद्राच्या बाजूने वल्हवतो. पाहुण्यांना वाटते तो मागे पडला आहे.

कयाक ही मुळात आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट आणि अल्यूशियन बेटांवरील उनांगन लोकांची शिकारीची नाव. वाहून आलेले लाकूड व हाडे यांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून ती बनवीत, आणि शिकारी तिच्यात कमरेपर्यंत शिरून बसत असे. पर्यटकांना दिली जाते ती प्लॅस्टिकची बंद, पोकळ नाव असते. तिच्यात शिरायचे नसते, तिच्यावर बसायचे असते, आणि बैठकीच्या खळग्यांतील भोकांतून वर आलेले पाणी आपोआप खाली निघून जाते. ती उलटली तर माणूस आत अडकत नाही, नाव सरळ करून पुन्हा वर चढता येते. कोकणातल्या लहान होडीला तोल राखण्यासाठी बाजूला लाकडाचा आडवा आधार जोडतात, त्याला उलांडी म्हणतात. कयाकला उलांडी नसते, तिचे काम बसणाऱ्याच्या कमरेने करायचे असते. लाट आडवी आली की नवखा माणूस सगळे अंग ताठ करतो, आणि ताठ अंग नावेबरोबर कलंडते. कंबर सैल ठेवून धड सरळ ठेवणाऱ्याच्या खालून तीच लाट निघून जाते. दुहेरी पात्याचे वल्हेही दंडाच्या जोराने मारायचे नसते, धड वळवून पाठीच्या बळाने ओढायचे असते, हे बहुतेकांना खांदे भरून आल्यावर पटते. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने तिच्याशी जुळवून घेत दिशा सांभाळायची, असा नियम आहे. तो न पाळणाऱ्या जोडप्यांचे वाद पाण्यावरून लांबवर ऐकू जातात आणि मार्गदर्शक ते ऐकून न ऐकल्यासारखे करतात.

खडकांपाशी पोचल्यावर दुसरा अध्याय सुरू होतो आणि त्याची सुरुवात थुंकीने होते. मास्कच्या काचेवर आतून थुंकी चोळून ती पाण्याने विसळली की काचेवर वाफ धरत नाही. हा उपाय पाहून नाक मुरडणारी मंडळीही दोन मिनिटांत तो करू लागतात, कारण धुकटलेल्या काचेतून काहीच दिसत नाही. पुरुषांची दुसरी अडचण मिशीची. मास्कची रबरी कड त्वचेला घट्ट चिकटली तरच आतली हवा टिकते, आणि भरघोस मिशीच्या केसांमधून पाणी हळूहळू आत झिरपत राहते. या हवेच्या कप्प्याचे महत्त्व मोठे आहे. डोळ्याची प्रकाश वळवण्याची शक्ती बव्हंशी बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर अवलंबून असते, आणि तो पडदा हवेला लागून असेल तरच काम करतो. पाण्याला लागला की त्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते आणि सगळे अंधुक दिसते. मास्क डोळ्यांपुढे हवा धरून ठेवतो, मात्र पाणी, काच, हवा असा प्रवास करताना किरण वाकतात, त्यामुळे वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठ्या भासतात. किनाऱ्यावर परतल्यावर सांगितल्या जाणाऱ्या माशांच्या आकारातून हा तृतीयांश वजा करावा; उरलेली वाढ सांगणाऱ्याची. रंगांचेही तसेच: पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषते, त्यामुळे काही मीटर खोलीवरचा तांबडा मासा करडा दिसतो.

श्वासाची नळी, म्हणजे स्नॉर्कल, दिसायला इतकी साधी आहे की ती लांब केली तर आणखी खोल जाता येईल अशी शंका चौकस मुले हटकून विचारतात. अॅरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेचे वर्णन करताना पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा दिली आहे, म्हणजे कल्पना किमान तेवीस शतकांची. पण नळी हातभराच्या आतच ठेवावी लागते. एक मीटर खोलीवर छातीवर पाण्याचा दाब इतका असतो की बरगड्या पसरवून वरची हवा ओढून घेणे माणसाच्या स्नायूंना जवळपास अशक्य होते. शिवाय लांब नळीत सोडलेलाच श्वास अडकून राहतो आणि पुन्हा आत घेतला जातो. आखूड नळीतही हे थोडेफार घडते, म्हणून वरवरचे, घाईचे श्वास घेणाऱ्याला लवकरच गुदमरल्यासारखे वाटते आणि दीर्घ, संथ श्वास घेणारा तासभर निवांत तरंगतो. भीतीने श्वास जलद होतो, जलद श्वासाने गुदमरते, गुदमरल्याने भीती वाढते. हे चक्र तोडण्यासाठी मार्गदर्शक पाहुण्याला आधी कमरेएवढ्या पाण्यात, काहीही न दाखवता, नुसता श्वास घ्यायला लावतो. गर्दीच्या हंगामात सर्वांत आधी कात्री लागते ती याच पाच मिनिटांना, आणि ते अक्षम्य आहे.

घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे उभा राहतो. जमिनीवर हे शहाणपणाचे असते. इथे पायाखाली प्रवाळ असतो. मालवणच्या खडकांवर पोरायटीस जातीचे घुमटाकार प्रवाळ आहेत, टर्बिनेरिया जातीचे पसरट थाळे आहेत. पोरायटीसचा घुमट वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा घुमट दिसला तर त्याची सुरुवात शंभरेक वर्षांपूर्वी झाली असावी, असे समजायला हरकत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचा जिवंत थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो, आणि फिन्सची म्हणजे पायात घातलेल्या रबरी परांची एक लाथ तो खरवडायला पुरेशी होते. लाइफ जॅकेट घातलेला माणूस बुडी मारून प्रवाळाला हात लावू शकत नाही, हा त्या जॅकेटचा कुणी न मोजलेला फायदा; पण ओहोटीला पाणी छातीएवढे उरले की तेही संरक्षण संपते. भरतीचा तास बघून निघण्यामागे हे दुसरे कारण असते, आणि ते पाहुण्याला क्वचितच सांगितले जाते. समुद्राचे तापमान वाढल्यावर प्रवाळ आपल्या शरीरात राहणाऱ्या आणि त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांना बाहेर टाकतो व पांढरा पडतो. १९९८ साली जगभर असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले आणि पुढेही ते वारंवार होत राहिले. त्या संकटापुढे एका पर्यटकाच्या पायाचे वजन नगण्य आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो, पण तो लंगडा आहे: तापलेल्या पाण्यातून सावरू पाहणाऱ्या वसाहतीवरच रोज नवे पाय पडत असतात, आणि तापमान मालवणात ठरत नसले तरी पाय मालवणात आवरता येतात.

ते आवरण्याची जबाबदारी प्रत्यक्षात येते पाण्यातल्या त्या एका माणसावर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून प्रवाळांचा समावेश आहे, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे; पण वाघाच्या जंगलात फाटक असते, वनरक्षक असतो. इथे हवेने फुगवलेली रिंग एका हाताने ओढत, तिला धरून तरंगणाऱ्या चार पाहुण्यांना आडवे ठेवणारा तरुण हाच वनरक्षक. पाण्याखाली आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळपास एकाच वेळी पोचतो आणि इंजिनाची घरघर कोणत्या दिशेने येते ते तोंड पाण्यात असलेल्याला कळत नाही; ती दिशा पाहण्यासाठीही या तरुणालाच मान वर ठेवावी लागते. हा तरुण बहुधा गाबीत समाजातला, रापणीच्या घरातला असतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे लांबलचक जाळे, आणि त्यातल्या मासळीची सर्वांत होणारी वाटणी. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा आपल्या मासेमारीवर गदा येईल म्हणून याच समाजाने त्याला विरोध केला, आणि तो विरोध अज्ञानातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. खडक कुठे, प्रवाह कुठे, गोबरा मासा कोणत्या कपारीत बसतो हे ज्ञान ज्यांचे, त्यांनाच नियमांचे पहिले ओझे उचलायला सांगितले जात होते. तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था उभी राहिल्यावर त्या ज्ञानाला प्रमाणपत्राची जोड मिळण्याची सोय झाली, हे चांगलेच झाले. मात्र प्रमाणपत्रामुळे धंद्याचे गणित बदलत नाही. जून ते ऑगस्ट समुद्र बंद, दिवाळी ते मे कमाईचा काळ, त्यातही सुट्ट्यांचे दिवस मोजके. तेव्हा एका फेरीत जितकी माणसे नेता येतील तितकी न्यावीत असे वाटण्यात नवल नाही. पावाचे तुकडे टाकले की अंगावर उभे पट्टे असलेले लहान मासे क्षणात गोळा होतात, व्हिडिओ उत्तम येतो, गिऱ्हाईक खूश होते. प्रवाळावरचे शैवाल खुडून खडक स्वच्छ ठेवणारे मासे त्या नादात आपले काम सोडून होडीच्या सावलीची वाट पाहू लागतात, हे व्हिडिओत दिसत नाही. नांगर खडकावर टाकण्याऐवजी कायमच्या बोयांना होड्या बांधाव्यात, गट लहान ठेवावेत, पाव बंद करावा, या गोष्टी तिथल्या मार्गदर्शकांना पटवून द्याव्या लागत नाहीत, त्यांना त्या पाठ आहेत. पण चारच माणसांचा गट घेणारा आणि श्वासाच्या सरावाला वेळ देणारा जेव्हा त्याप्रमाणे दर सांगतो, तेव्हा पाहुणा घासाघीस करून शेजारच्या टपरीकडे वळतो, जिथे दर निम्मा असतो आणि पाव त्यातच धरलेला असतो.