हिरवा दिवा लागेपर्यंत

बालमित्रांनो, ४०० मीटर म्हणजे किती अंतर, सांगा पाहू? मोठ्या क्रीडांगणावर धावण्याची जी गोल पट्टी असते ना, तिची एक पूर्ण फेरी. आता ती फेरी दोन्ही टोकांना धरून सरळ ताणली आहे, अशी कल्पना करा. एका टोकाला दोन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या आहेत. वाटेत वळण नाही की चढउतार नाही. दिवा लागला की सुटायचं आणि दुसरं टोक आधी गाठायचं. झाली शर्यत! हिला म्हणतात ड्रॅग रेसिंग.

नेमकं अंतर ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. कुठे कुठे ते याहून कमीही ठेवतात. हा खेळ वाढला अमेरिकेत. तिथली तरुण मुलं भर रस्त्यात शर्यती लावत. हे वेड रस्त्यावरून उचलून बंद धावपट्टीवर न्यावं, त्याला नियम लावावेत, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. आपल्याकडेही चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीला विमानांची धावपट्टी आहे, तिच्यावरही अशा शर्यती भरल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही प्राथमिक शाळेत शिकवता, तुम्हांला हे कुठून सुचलं? सांगते.

मी डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. लायसन्स नवं नवं मिळालेलं. एका संध्याकाळी गावाबाहेरच्या कालव्याच्या रस्त्यावर मी आणि दादाने शर्यत लावली. त्याने मोजायला सुरुवात केली, "एक... दोन..." आणि तो तीन म्हणायच्या आत मी गाडी सोडली! मला गाठायला म्हणून दादाने वेग वाढवला. वळणावर खडी पसरली होती. मागे आवाज झाला तेव्हा मी वळून पाहिलं. गाडी आडवी आणि तिच्याखाली दादाचा पाय.

घोट्याचं हाड मोडलं होतं. आजही जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागतो. घरी त्याने सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." माझं नावसुद्धा घेतलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून कुठलीही शर्यत म्हटली की तोंड फिरवायची.

मग एक दिवस दादाच म्हणाला, "अगं, गाडीचा काय दोष? चुकलं ते आपलं. करायचंच तर नीट शिकून कर." आणि एका बंद धावपट्टीवर नवशिक्यांच्या गटात त्याने माझं नाव नोंदवूनही टाकलं.

गाडी माझी रोजचीच, दीडशे सीसीची. आधी तपासणी. ब्रेक, टायर, साखळीचा ताण, सोडल्यावर अ‍ॅक्सिलरेटर आपोआप मागे येतो की नाही, सगळं पाहिलं. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, चामड्याचा पोशाख, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. यातलं एक जरी कमी असेल तरी आत सोडत नाहीत, बरं का!

सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा एक खांब असतो. त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. पुढचं चाक रेषेवरच्या अदृश्य किरणात आलं की वरचे बारीक दिवे लागतात. मग तीन पिवळे आणि मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं की लाल! इथे घड्याळं दोन असतात. एक मोजतं, हिरवा लागल्यावर तुम्ही किती वेळाने हललात. दुसरं तुम्ही हलल्यावरच सुरू होतं आणि शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ मोजतं. त्यामुळे कमी वेगाची गाडीसुद्धा वेळेवर सुटली तर वेगवान गाडीला हरवू शकते.

माझी पाळी आली. छाती धडधडत होती. पहिला पिवळा, दुसरा पिवळा... आणि मी क्लच सोडला. लाल दिवा! पुन्हा तेच. तीन म्हणायच्या आतच.

दुसऱ्या वेळी मी एक दीर्घ श्वास घेतला. मनात दादाचा आवाज ठेवला. एक, दोन, तीन... हिरवा! मग क्लच हळूच सोडला, अंग टाकीवर झुकवलं आणि सुटले. एकोणीस सेकंदांच्या आसपास सगळं संपलं. शेजारचा मुलगा जिंकला. मला हलायलाच पाऊण सेकंद लागला होता. पण माझा दिवा हिरवा होता!

कुंपणापाशी दादा उभा होता. हसून म्हणाला, "आज मला तीन म्हणू दिलंस."

मला काही बोलता आलं नाही.

मित्रांनो, गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कायद्याने गुन्हा आहे. तोवर हात बांधून बसायला नको. एक खेळ सांगते. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी, पट्टीला न लावता, तुमची दोन बोटं ठेवा. तो न सांगता पट्टी सोडेल, ती चिमटीत पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हांला ०.२ सेकंद लागला. माझ्या वर्गातली मुलं मला यात रोज हरवतात!

फक्त एक अट आहे. पट्टी सुटायच्या आत चिमूट मिटली, तर तो डाव बाद.