मिठाने बर्फ आणखी गार होतो!

हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून बघायलाच हवं! स्टीलच्या पातेल्यात बर्फाचा चुरा घ्या, वर मूठभर खडेमीठ टाका, ढवळा आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर त्यात धरा. पारा शून्यावर थांबतच नाही. उणे पाच, उणे दहा, अजून खाली! बर्फ डोळ्यांदेखत वितळतोय आणि वितळता वितळता अधिकच गार होतोय. पातेल्याला बाहेरून आधी दव धरलं, मग ते दवही गोठलं. नखाने खरवडलं तर पांढरा भुगा निघाला.

कारण कळलं तेव्हा तर मी उडालोच. शून्य अंशाला बर्फातून जितके रेणू सुटतात तितकेच पाण्यातून परत येऊन बर्फाला चिकटतात. मीठ विरघळलं की परतणारे कमी होतात, सुटणारे सुटतच राहतात. वितळायला उष्णता लागते. ती त्या मिश्रणातूनच ओढली जाते. पॉट आइस्क्रीमच्या डब्यातलं दूध घट्ट होतं ते यामुळेच. मीठ आणि बर्फाची मजल उणे २१ अंशांपर्यंत जाते!

पण खरी कमाल पुढेच आहे. काय विरघळलंय याच्याशी पाण्याला जवळपास देणंघेणंच नसतं, प्रश्न फक्त किती कण आहेत एवढाच. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर घाला, गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. तेवढाच उतार ग्लुकोजच्या १८० ग्रॅममध्ये मिळतो आणि युरियाच्या अवघ्या ६० ग्रॅममध्ये. कण मोजून सारखे! आणि मीठ? ५८.५ ग्रॅममध्ये जवळजवळ दुप्पट, कारण त्याच्या प्रत्येक जोडीचे पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात. आऱ्हेनियस नावाचा तरुण स्वीडिश संशोधक हेच सांगत होता. उप्साला विद्यापीठाने १८८४ साली त्याच्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली होती. १९०३ साली त्याच सिद्धांताला नोबेल मिळालं. नुसत्या थर्मामीटरने अदृश्य कणांची शिरगणती!

उकळबिंदू उलट वर चढतो. गुऱ्हाळात पाणी उडून रस दाटत जातो तसा तो वर वर जातो. काहील उतरवायच्या वेळी ११५ ते १२० अंश असतो. गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो आणि नेमकी हीच वेळ साधतो. यंदाच्या हंगामात थर्मामीटर घेऊन कोल्हापूरकडे जायचंच, त्याच्या शेजारी उभं राहून आकडा बघायचाय!