भाड्याचे पैसे

सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली, याचा आम्हा बडोदेकरांना रास्त अभिमान आहे. त्या पैशांवर ते १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले. पण १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी ते इथे आले, तेव्हा खिशात पगार असूनही जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. देणाऱ्याचे मन मोठे, तेव्हा पैशाचे शिक्षण झाले. घेणाऱ्याचे मन कोते, तेव्हा तोच पैसा खोटे नाणे ठरला. सयाजीबागेवरून जाताना मला हे नेहमी आठवते.

सध्या आमचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. भाडे किती, ते लगेच ठरले. येणाऱ्याचे आडनाव विचारायचे का, यावर मात्र घरात अजून वाद चालू आहे. माझे म्हणणे एकच: विचारायचे नाही.