पाटाचें पाणी

वैशाखाच्या शेवटीं आम्ही नवेगांव बांधास आमच्या आत्याबाईंकडे गेलों होतों. सात बहिणी नांवाच्या टेकड्यांच्या कुशींत, अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधलेला तो अफाट तलाव जवळ असतां उन्हाळ्याचें भय कसलें, असा आमचा भाबडा समज!

पण दुपारीं वीज गेली, कूलर थांबला आणि उन्हाळा घरांत शिरला. आत्याबाईंचा चार महिन्यांचा नातू पाळण्यांत होता. त्याला झळ लागूं नये म्हणून त्यांनीं पाळण्यावर ओलें लुगडें चोहोंकडून सोडलें. पोर निवांत निजलें, असें आम्हांस वाटलें. घटकाभरानें सूनबाईंनीं लुगडें उचललें, तों आंत वाफ कोंडलेली, बाळाचें अंग तापलेलें, आणि हांक मारली तरी डोळे उघडेनात. झबलें उतरविलें, साध्या पाण्यानें अंग पुसलें आणि विंझण्यानें वारा घालीत तसेंच दवाखान्यांत नेलें. सायंकाळीं तें रडलें तेव्हां आमच्या जिवांत जीव आला.

डॉक्टर म्हणाले, तान्ह्याची कातडी वजनाच्या मानानें अधिक आणि घाम थोडा. म्हणून तें आपणांपेक्षां लवकर तापतें. पाळणा झांकूं नये. ओलें कापड लावायचें तर खिडकीला लावावें, म्हणजे वारा त्यांतून येतो. लंगोट कमी भिजूं लागले, टाळू खोल गेली किंवा पोर मलूल झालें, तर क्षणाचाहि विलंब करूं नये.

"घसा कोरडा पडतो हो त्याचा, चमचाभर पाणी पाजूं का?" आत्याबाईंनीं विचारलें. उत्तर नकाराचें आलें. सहा महिन्यांपर्यंत आईचें दूधच द्यावें. त्यांत शेंकडा सुमारें ८७ भाग पाणीच असतें. पाण्यानें इवलेंसें पोट भरलें कीं दूध मागें पडतें. तेव्हां दूध वारंवार पाजावें, आणि पाणी आईनें प्यावें.

आत्याबाईंना हें पटेना. अखेर आम्हीं तलावालाच साक्षीस बोलाविलें. म्हटलें, "आत्याबाई, कोहळ्यांनीं एवढें तळें बांधलें, पण त्याचें पाणी धानाला पोंचतें तें पाटानेंच ना? बाळाचा पाट म्हणजे त्याची आई."

त्या हंसल्या, उठल्या, आणि पाण्याचा तांब्या त्यांनीं सूनबाईंपुढें ठेविला. सर्वांना पाणी देऊन मग स्वतः पिणारी ती मुलगी क्षणभर गोंधळली. आम्हीहि गोंधळलों, कारण आजवर तिच्या हातून पाणी घेतांना, तिनें घेतलें का, हें आम्हींही कधीं विचारलें नव्हतें.