"तुम्हाला काही झालेलं नाही!"

हे वाक्य तुम्ही कधी ना कधी दवाखान्यात ऐकलं असेल. गगनबावड्यात काम करताना मीही ते एकदा बोललो. त्याचीच ही गोष्ट.

जुलै महिना होता. घाटात धुकं, दिवसरात्र पाऊस आणि शेतात भाताची रोपलावण. साठीच्या एक मावशी आल्या. "अंगात जीवच न्हाई बघा, झोप लागंना." रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. मी खुशीत म्हणालो, "मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही."

त्यांचा चेहरा पडला. "मग मी खोटं बोलतीया व्हय?" म्हणून त्या उठल्या.

बाहेर आमच्या सिस्टरनी त्यांना बाकावर बसवलं आणि एकच विचारलं, "मावशी, काल जेवला काय?" तेव्हा सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात मालक गेले, मुलगा पुण्याला नोकरीला. एकटीसाठी चूल कशाला पेटवायची म्हणून दोन वेळा चहा आणि बटर. मी रक्त तपासलं होतं, माणूस सिस्टरनी तपासला.

त्याच दिवशी एक काका पायाच्या जखमेची पट्टी बदलायला आले. रक्तदाब १८०/११०. थोड्या वेळाने पुन्हा मोजला, तेवढाच. बरं वाटतंय म्हणून गोळी कधीच बंद केली होती. "मला काय धाड भरलीया? सकाळपास्नं चिखलात हाय."

आता तुम्हीच सांगा, या दोघांत आजारी कोण?

रोग म्हणजे शरीरात किंवा मनात झालेला बिघाड, जो डॉक्टर शोधतो. आजारपण म्हणजे माणसाला स्वतःला जाणवणारा त्रास. काकांना रोग होता, आजारपण नव्हतं. मावशींना आजारपण होतं, पण ते माझ्या रिपोर्टात दिसत नव्हतं. नैराश्यासारखा आजारही रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, हे लक्षात ठेवा.

मग आरोग्य म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ ला अमलात आली. तिच्यात म्हटलं आहे की केवळ रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे; शरीर, मन आणि माणसांतलं जगणं हे तिन्ही ठीक असायला हवं. आपला 'स्वस्थ' हा शब्दही तेच सांगतो: जो स्वतःत स्थिर आहे तो. म्हणूनच मधुमेह असूनही वेळेवर गोळी घेणारी, पोटभर जेवणारी, नातवंडांत रमणारी आजी पुष्कळ अंशी स्वस्थ असते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात फक्त औषधपाण्याचं लिहिलं नाही. मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता आणि जेवण यांवर भर दिला. सिस्टरांचा तो प्रश्न याच परंपरेतला होता.

पुढे काय झालं? काकांची गोळी पुन्हा सुरू झाली. मावशींकडे आशाताई फेरी मारू लागल्या, शेजारणीने जेवायला सोबत बसवलं. दुःख गेलं नाही, पण दिवाळीनंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता दोन भाकऱ्या थापतिया."

तुमच्यासाठी तीन गोष्टी:

१. त्रास नसला तरी तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजा. बरं वाटतं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

२. डॉक्टरांना दुखणं सांगताना झोप, भूक आणि घरात काय बदललं, हेही सांगा.

३. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल तर लपवू नका. यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

मी मात्र ते वाक्य आता बोलत नाही. म्हणतो, "रिपोर्ट चांगले आहेत. आता तुमचं सांगा."